नववी-दहावीचे विज्ञान: कोल्हापूरच्या पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिन्यात शाळा सुरू झाली की आठवीतून नववीत गेलेल्या मुलांचे आई-वडील विज्ञानाच्या शिक्षकांना दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात. राज्य मंडळाच्या शाळेत हा विषय शिकवताना माझ्यापुढे वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुद्दाम कोल्हापूर आणि परिसरातील घेतली आहेत, कारण पुस्तकातील बहुतेक पाठ आपल्या शहरात आणि गावात चालत्या रूपात पाहायला मिळतात.

नववी-दहावीत विज्ञान म्हणून नेमके काय शिकवले जाते?

राज्य मंडळात या विषयाचे नाव ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ असे आहे. नववीचे पुस्तक २०१७ साली आणि दहावीचे २०१८ साली नव्याने आले. त्यांपैकी नववीच्या पुस्तकात १८ पाठ असून दहावीला दोन पुस्तके आणि प्रत्येकात १० पाठ आहेत. नववीत गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, आम्ल-आम्लारी-क्षार, प्रकाशाचे परावर्तन, ध्वनी, वनस्पतींचे वर्गीकरण, परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह, सूक्ष्मजीव आणि दुर्बिणी असे विषय येतात. दहावीच्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा आहेत, तर दुसऱ्या भागात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, पर्यावरण, ऊर्जा, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन आहे. लेखी परीक्षा प्रत्येक भागाची ४० गुणांची असते आणि उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात.

ही झाली यादी. यादीतील पाठांची नावे पुस्तक बदलले की बदलतात, परंतु या दोन वर्षांत मुलांना लागायला हवी अशी सवय एकच आहे: जे पाहिले ते मोजायचे, आणि जे मोजले तेच लिहायचे. पुढील बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा येईल.

आठवीपर्यंत चांगले गुण घेणारी मुले नववीत अचानक मागे का पडतात?

कारण नववीत विज्ञानात गणित शिरते. आठवीपर्यंत ‘वेग म्हणजे काय’ हे सांगता आले की भागत असे, नववीत मात्र वेग, त्वरण, बल आणि ऊर्जा यांची सूत्रे येतात, प्रत्येक राशीला एकक असते आणि एकक चुकले तर उत्तरही चुकते. अनेक मुलांची अडचण विज्ञानाची नसून किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रतिसेकंद करता न येण्याची असते, आणि ती आठ दिवसांच्या सरावाने सुटते.

सूत्र पाठ करण्यापूर्वी ते काय सांगते हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळते, याचा अर्थ असा की उसाने भरलेल्या ट्रॉलीचा वेग दुप्पट झाला तर तिची ऊर्जा चौपट होते आणि तेवढ्याच जोराने ब्रेक लावला तरी ती थांबायला चौपट अंतर घेते. हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याला सायकल चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सूत्र कळायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रयोगवही लिहिण्याला एवढे महत्त्व का? ती तर सगळेच एकमेकांची पाहून उतरवतात.

हा प्रश्न विचारला गेला की मला एक जुना तास आठवतो. पाण्याचा उत्कलनबिंदू मोजण्याचा साधा प्रयोग होता. स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्र, त्यात पाणी, आणि स्टँडला अडकवलेला तापमापी. पाणी खळखळा उकळू लागले, पारा ९८ अंशांजवळ स्थिरावला आणि पुढे सरकेना. एका मुलीने वहीत पेन्सिलीने ९८ लिहिले, शेजारच्या वहीत डोकावून पाहिले, खोडरबराने ते पुसले आणि तेथे १०० लिहिले. कागदावर ९८ चा पुसट ठसा शिल्लक राहिला होता. मी विचारल्यावर ती म्हणाली, “सर, पुस्तकात शंभर आहे, माझंच काहीतरी चुकलं असणार.”

तिचे काहीच चुकले नव्हते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते ते समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे येथे हवेचा दाब थोडा कमी असतो. उंची साधारण ३०० मीटरने वाढली की उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला हवे. तिच्या तापमापीने आपण किती उंचीवर राहतो हे सांगितले होते आणि तिने ती गोष्ट पुसून टाकली होती. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. आत वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळपास तापते आणि डाळ लवकर शिजते.

ज्या शाळांत निरीक्षणे फळ्यावर लिहून दिली जातात आणि तीस वह्यांत तेच तीन आकडे येतात, तेथे मुलांचे २० गुण वाचतात, परंतु विज्ञान तेथेच संपते, आणि याचा मला खेद वाटतो. तापमापी बिघडलेला असू शकतो, मुलाने तिरके पाहून वाचन घेतले असेल, पाण्यात क्षार असतील. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तो तसाच लिहावा आणि खाली कारणाचा अंदाज लिहावा. असे लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण देतो.

रसायनशास्त्र म्हणजे नुसती समीकरणे आहेत का?

समीकरणे ही रसायनशास्त्राची लिपी आहे. लिपी येण्यापूर्वी बोलणे यावे लागते आणि कोल्हापूरच्या मुलांना ते गुऱ्हाळावर शिकता येते. मी दरवर्षी नववीच्या मुलांना एखाद्या गुऱ्हाळावर नेण्याचा प्रयत्न करतो, कारण आम्ल-आम्लारीपासून उष्णतेपर्यंतचे निदान चार पाठ तेथे एकाच काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, उकळत असतात.

ताज्या उसाच्या रसाचा सामू (pH) ५ ते ५.५ च्या आसपास असतो. सामू ७ पेक्षा कमी म्हणजे आम्ल, म्हणून रस किंचित आम्लधर्मी असतो. आम्लात साखर तापवली की सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि त्यांचे प्रमाण वाढले तर गूळ नीट घट्ट बसत नाही, चिकट राहतो. म्हणून रसात चुन्याची निवळी घालतात. चुना आम्लारिधर्मी असल्याने रसातील आम्ल उदासीन होते आणि सामू वर येतो. पुस्तकात ‘उदासिनीकरण’ या शब्दाखाली दोन ओळींत जे लिहिले आहे ते येथे तांब्याने मोजून केले जाते, आणि चुना जास्त झाला तर गुळाचा रंग काळपट होतो हेही तेथील माणसे न विचारता सांगतात.

त्यानंतर ठेचलेल्या भेंडीचा चिकट रस घालतात. तो रसातील बारीक गाळ धरून ठेवतो, वर फेसासारखी मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धती मुलांनी आठवीपर्यंत वाचलेल्या असतात, पण त्यांतील एक भेंडीने चालते हे पाहिल्यावर ती विसरली जात नाही.

पुढचा भाग उष्णतेचा. रसात पाचांपैकी सुमारे चार भाग पाणी असते. १ ग्रॅम पाणी २८ अंशांपासून ९८ अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, आणि तेच १ ग्रॅम पाणी वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे चुलवाणात जाळलेल्या चिपाडाची (रस काढून उरलेल्या वाळल्या उसाची) बहुतेक उष्णता रस उकळू लागल्यानंतर खर्च होते, आणि त्या वेळी तापमान मात्र फारसे वाढताना दिसत नाही. दहावीच्या पुस्तकातील ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द मुलांना नेहमी जड जातो. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड सारणाऱ्या माणसाला दिवसभर तो उष्मा अंगावर घ्यावा लागतो.

पाणी कमी होत जाते तसा साखरेचा पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढू लागतो. शेवटी तापमान ११५ ते ११८ अंशांच्या आसपास पोहोचते. गुळव्या मात्र तापमापी वापरत नाही, तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांत त्याची गोळी वळते का हे पाहतो. ही चाचणी अडाणी नाही. दाट द्रावणाचे तापमान आणि त्याची घनता यांचे नाते त्याच्या बोटांना माहीत असते, आणि मुलांनी तापमापीचा आकडा व गोळीचा घट्टपणा एकाच तक्त्यात लिहून ते नाते कागदावर आणावे, एवढेच मी त्यांना सांगतो.

गुऱ्हाळ जवळ नसेल तर घरी हळद आणि चुना एकत्र करून पाहावे. पिवळी हळद आम्लारीत लाल होते, म्हणजे हळद हा दर्शक, रंग बदलून आम्लारी ओळखून देणारा पदार्थ आहे.

विद्युत आणि धातूंचे पाठ व्यवहारात कोठे दिसतात?

घरात विजेच्या बिलावर दिसतात. बिलावरील १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, आणि ज्यूलमध्ये ते ३६ लाख ज्यूल होतात. २००० वॅटचा गीझर १५ मिनिटे चालला तर अर्धे युनिट खर्च होते. मुलाने महिनाभर घरातील उपकरणांची नोंद ठेवून बिलाशी ताडून पाहिली तर धाराविद्युतच्या पाठाची त्याची निम्मी तयारी होते.

कारखान्यात ते आणखी स्पष्ट दिसतात. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणारे कारखाने, आहेत आणि माझ्या वर्गातील कितीतरी मुलांचे वडील तेथे कामाला असतात. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते, परंतु बिडात (ओतीव लोखंडात) ३ ते ४ टक्क्यांपर्यंत कार्बन मिसळलेला असतो आणि त्यामुळे ते सुमारे १२०० अंशांच्या आसपासच वितळून वाळूच्या साच्यात सहज वाहते. अशुद्धी मिसळली की द्रवणांक उतरतो हा नियम या उद्योगाचा पाया आहे. आता बऱ्याच ठिकाणी इंडक्शन भट्टी असते. तिच्या भोवतीच्या तांब्याच्या कुंडलातून प्रत्यावर्ती धारा सोडतात, कुंडलाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते, त्या बदलामुळे आतील धातूत धारा निर्माण होते आणि धातू स्वतःच्याच रोधामुळे तापून वितळतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच, आणि दहावीला ते कुंडल, चुंबक व गॅल्व्हनोमीटर घेऊन शिकवतात. गॅल्व्हनोमीटरचा काटा जेमतेम हलतो तेव्हा मुलांना ते खेळणे वाटते. वडिलांच्या भट्टीत तेच तत्त्व लोखंडाचे पाणी करते हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

अंबाबाईच्या किरणोत्सवात विज्ञान आहे का? मुले विचारतात आणि आम्हाला सांगता येत नाही.

आहे, आणि ते दहावीच्या मुलाला समजेल असे आहे. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्या मनाचा, येथे फक्त सूर्याच्या मार्गाविषयी लिहितो.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. वर्षातून दोनदाच का, हा खरा प्रश्न आहे. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास तो सर्वांत दक्षिणेला मावळतो आणि तेथून उत्तरेकडे परत फिरतो. दक्षिणेकडे जाताना तो ज्या बिंदूवर मावळला, परत येताना त्याच बिंदूवर पुन्हा मावळणार. १० नोव्हेंबरपासून दक्षिणायनाच्या शेवटापर्यंत दिवस मोजावेत, ते सुमारे ४१ भरतात. तेथून १ फेब्रुवारीपर्यंत मोजावेत, तेही सुमारे ४१ भरतात. हे मोजायला दिनदर्शिका पुरेशी आहे, आणि मुलांनी ते स्वतः मोजावे म्हणून मी आकडा वर्गात कधीच आधी सांगत नाही. या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो आणि त्याची मावळण्याची जागा रोज सूर्यबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीएवढी सरकते, म्हणून हा योग दोन-तीन दिवसच टिकतो.

किरणे आधी मूर्तीच्या चरणांवर पडून मग वर का चढतात, याचे उत्तर प्रकाशाच्या सरळ रेषेत जाण्यात आहे. सूर्य जसा खाली उतरतो तशी किरणे अधिकाधिक आडवी होतात आणि दारातून आत आलेला प्रकाशाचा पट्टा पुढे व वर सरकत जातो. पश्चिमेच्या खिडकीतून घरात येणाऱ्या उन्हाचा कवडसा संध्याकाळी समोरच्या भिंतीवर चढताना पाहिला की हे लगेच पटते. वाटेत एखादे बांधकाम किंवा फलक आला, अथवा क्षितिजाजवळ ढग वा दाट धुके असले, की किरणे पोहोचत नाहीत किंवा मंद होतात.

याच धड्याला जोडून शून्य सावलीचा दिवस पाहावा. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहेत, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून मे महिनाच धरावा. अंगणात पाईपचा तुकडा ओळंब्याने उभा करावा आणि १२ वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास त्याची सावली पाहावी. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत, कोल्हापूर ७४.२ अंशांवर आहे, आणि प्रत्येक अंशाला ४ मिनिटे धरली तर सुमारे ३३ मिनिटांचा फरक पडतो.

खगोलशास्त्राची गोडी लागलेल्या मुलांना मी आवर्जून सांगतो की डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच झाला. विश्वाच्या रचनेवर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम जगभर वाचले गेले आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्यांनी उभी केली.

जीवशास्त्राचा भाग सोपा असतो, त्यामुळे तो परीक्षेच्या आधी वाचला तर चालेल का?

चालणार नाही. तो सोपा वाटतो, कारण त्यात सूत्रे कमी आहेत, पण त्यातील प्रक्रिया एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकच उदाहरण देतो. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात तेव्हा ‘पाण्यात विष मिसळले’ असे सर्रास बोलले जाते. नेहमी विषच असावे असे नाही. सांडपाण्याबरोबर किंवा साखर कारखान्याच्या मळीबरोबर सेंद्रिय पदार्थ पाण्यात आले की त्यांवर जगणारे सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात, ते श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट असल्यामुळे त्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळलेला असतो, आणि मासे गुदमरतात. या एका घटनेत श्वसन, सूक्ष्मजीव, विद्राव्यता आणि परिसंस्था असे चार पाठ आहेत. पाण्यावर जलपर्णीचा थर पसरतो तेव्हाही मूळ कारण असेच असते, सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत ठरते.

प्रजननाचा पाठ मुलामुलींना एकत्र शिकवतात का? तो वगळता येणार नाही का?

तो अभ्यासक्रमाचा भाग आहे, परीक्षेला येतो, आणि माझ्या मते पूर्ण व स्पष्ट शिकवायलाच हवा. काही वर्गांत ‘हा पाठ घरी वाचा’ असे सांगितले जाते. त्यामुळे मुले ती माहिती मोबाइलवरून, अर्धवट आणि चुकीची घेतात. पाठात मासिक पाळीचे चक्र, फलन, जुळी मुले कशी होतात, अपत्य नसलेल्या जोडप्यांना उपलब्ध असलेले उपचार असा अत्यंत गरजेचा भाग आहे.

त्यातील लिंगनिश्चितीचा भाग मी कधीच घाईने शिकवत नाही. आईकडून बाळाला नेहमी एक्स गुणसूत्रच मिळते. वडिलांकडून एक्स मिळाले तर मुलगी होते आणि वाय मिळाले तर मुलगा होतो. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे अजून आहेत, आणि गुणसूत्रांच्या आकृतीने तो आरोप तेथल्या तेथे खोटा ठरतो. पंधरा वर्षांच्या मुलाने ही आकृती घरी जाऊन आजीला काढून दाखवावी, अशी माझी प्रामाणिक इच्छा असते, आणि काहींनी ती दाखवलीही आहे.

आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ शेवटचा असतो. तो सोडला तर काय बिघडेल?

इतर जिल्ह्यांत काय ते मला सांगता येणार नाही, कोल्हापुरात मात्र तो सोडू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे हे येथील लहान मुलालाही पाठ असते, कारण पावसाळ्यात घराघरांत हे आकडे रोज विचारले जातात. ४३ फूट म्हणजे सुमारे १३.१ मीटर, एवढे रूपांतर तरी विज्ञानाच्या वहीत व्हावे.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते असे आपण बातम्यांत ऐकतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. गुणाकार केला तर एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी येते. हा गुणाकार मुलांकडून करून घेतला की वर्गात क्षणभर कोणी बोलत नाही. बातमीतील आकडा त्या क्षणी त्यांना कळलेला असतो.

पुराचे पाणी घरात शिरण्याआधी मुख्य स्विच बंद का करायचा, ओल्या भिंतीला हात का लावायचा नाही, पूर ओसरल्यावर पाणी उकळून किंवा क्लोरिनचे द्रावण टाकूनच का प्यायचे, पायाला जखम असताना चिखलात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाचा धोका कसा असतो, ही सर्व उत्तरे विद्युत आणि सूक्ष्मजीव या पाठांत आहेत. पुराचा फटका बसणाऱ्या चिखली, आंबेवाडीकडची मुले हा पाठ मला शिकवू शकतील, आणि मी त्यांना वर्गात बोलू देतो.

सेमी इंग्रजी घ्यावे की मराठीतून विज्ञान शिकावे?

दोन्हींतून चांगले शिकता येते. सेमीच्या मुलांना अकरावीत शब्द नवे वाटत नाहीत हा फायदा खरा आहे. मात्र ज्या मुलाला प्रश्नाचा अर्थच लागत नाही, ते मूल उत्तरे पाठ करू लागते, आणि पाठांतराची ही सवय पुढे फार नडते. मूल सेमीत असेल तर घरी त्याला एवढेच सांगावे की आज शिकलेले मराठीत समजावून सांग. सांगता आले तर माध्यमाची काळजी करू नये. उलट मराठी माध्यमाच्या मुलांनी अपवर्तन, त्वरण, संयुजा यांचे इंग्रजी प्रतिशब्द दहावीच्या सुट्टीत वहीत उतरवून घ्यावेत, त्याला आठवडा पुरतो.

पाठ काय करायचे आणि काय नाही?

पहिल्या २० मूलद्रव्यांची नावे, संज्ञा आणि संयुजा, एकके आणि मोजकी सूत्रे पाठच हवीत, त्याला पर्याय नाही. व्याख्या समजून लिहाव्यात. आकृती रोज एक काढावी.

मुलाला दहावीनंतर सायन्सला जायचे नाही, मग एवढे कशाला शिकायचे?

हा विषय अकरावीच्या सायन्ससाठी केलेला नाही, तो प्रत्येकासाठी आहे. आयटीआयला वायरमन होणाऱ्या मुलाला रोध आणि विभवांतर लागते, मोल्डिंगच्या कामाला जाणाऱ्याला धातुविज्ञान लागते, शेती पाहणाऱ्याला मातीपरीक्षणाच्या अहवालातील सामू वाचता यावा लागतो, आणि वाणिज्य शाखेला गेलेल्या मुलीलाही पुढे औषधाच्या चिठ्ठीवरील प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स का संपवायचा हे ठाऊक असावे लागते.

आम्ही फारसे शिकलेलो नाही. मुलाला घरी कशी मदत करावी?

बरेच आई-वडील हा प्रश्न खाली मान घालून विचारतात आणि तसे करण्याचे काहीच कारण नाही. मुलाने काही सांगितले की ‘कशावरून?’ एवढे विचारावे. जे मूल ‘पुस्तकात आहे’ असे म्हणेल त्याला ‘आपल्याकडे तसे होते का, बघून सांग’ असे म्हणावे. चुलीवरचे, शेतातले, भट्टीवरचे जे काम आपल्याला येते ते मुलाला सविस्तर दाखवावे आणि त्याने त्याची नोंद करावी. दूध विरजायला उन्हाळ्यात किती तास लागतात आणि थंडीत किती, हा तक्ता एका विद्यार्थ्याच्या आईने सांगून लिहून घेतला होता. सूक्ष्मजीवांच्या पाठावरील माझ्याकडे आलेला तो सर्वांत चांगला प्रकल्प होता.

शाळेतर्फे नाही, पण आम्हीच मुलांना गुऱ्हाळावर नेले तर काय काळजी घ्यावी?

हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मालकाला आदल्या दिवशी विचारावे, सकाळी लवकर जावे, म्हणजे रस काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात (पाक थंड करण्याच्या उथळ हौदात) ओतेपर्यंतचे सगळे पाहता येते. मुलांना काहिलीपासून निदान चार हात लांब उभे करावे, कारण उकळता पाक अंगाला चिकटतो आणि पाण्यापेक्षा फार खोल भाजतो. सुती कपडे आणि बंद चप्पल असावी. रसाचा सामू पाहण्यासाठी दर्शक पट्ट्या न्याव्यात आणि चुना घालण्यापूर्वी व नंतर, असे दोनदा वाचन घ्यावे. पाकाचे तापमान मोजायचे असेल तर शाळेतील नेहमीचा तापमापी नेऊ नये. त्यावर ११० अंशांपर्यंतच खुणा असतात, पाक त्यापुढे जातो, आणि काचेची नळी फुटून पारा गुळात पडला तर ती सगळी काहील फेकून द्यावी लागेल. २०० अंशांपर्यंतचा, धातूच्या दांड्याचा तापमापी घ्यावा, तो गुळव्याच्या हातात द्यावा, आणि आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगावा. मुलांनी फक्त लिहून घ्यावे.